राज्याच्या राजकारणावर प्राध्यापकांनी मराठीत लिहायलाच पाहिजे

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला, महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा, महायुतीला १७ आणि सांगलीत एक अपक्ष, आणि त्या दिवशी जवळजवळ सगळ्या चॅनेलवर एकच गोष्ट ऐकू येत होती की महायुतीच्या विरोधात लाट आली, लोकांनी पक्षफोडीचा राग काढला, आता विधानसभा आघाडीचीच. मग २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला. २८८ पैकी २३० च्या आसपास जागा महायुतीला, एकट्या भाजपला १३२, आणि आघाडीतल्या एकाही पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा दहा टक्क्यांचा, म्हणजे २९ जागांचा आकडासुद्धा गाठता आला नाही. तेव्हा सांगितलं गेलं की लाडकी बहीण योजनेने सगळं फिरवलं, आणि विषय संपला.

आता जरा मतांकडे बघा. लोकसभेला दोन्ही बाजूंना मिळालेली मतं जवळपास सारखी होती, दोघांनाही ४३-४४ टक्क्यांच्या घरात. म्हणजे ३० विरुद्ध १७ हा फरक मतदारांनी केला त्यापेक्षा जास्त मतं कुठे एकत्र पडली आणि कुठे विखुरली याने केला. जूनमध्ये लाट नव्हतीच, जून म्हणजे बरोबरीतली मॅच होती. हे त्या आठवड्यात कोणी नीट सांगितलं असतं तर नोव्हेंबरचा निकाल इतका आकाशातून पडल्यासारखा वाटला नसता, कारण तेव्हा महायुती निम्म्या मतांच्या जवळ गेली आणि आघाडी ३५ टक्क्यांच्या आसपास घसरली. ही घसरण खरी मोठी गोष्ट होती आणि तिचं उत्तर एका योजनेत बसवून टाकणं मला पटत नाही. महिन्याला १५०० रुपये खात्यात येणं ही गरीब बाईच्या आयुष्यात मोठीच गोष्ट आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण किती बायकांनी त्यामुळे मत बदललं, किती जणी आधीपासूनच महायुतीच्या मतदार होत्या, कापूस सोयाबीनच्या भावाचा राग असलेल्या घरांत काय झालं, मराठा आंदोलनाच्या विरोधात ओबीसी मतं कुठे एकवटली, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात एकच कारण चाललं का, हे प्रश्न विचारल्याशिवाय आपण निकाल समजून घेतला असं म्हणताच येत नाही. हे प्रश्न विचारायचं ट्रेनिंग ज्यांना असतं ते राज्यशास्त्राचे अभ्यासक. माझं म्हणणं सरळ आहे: या लोकांनी महाराष्ट्राच्या राजकारणावर मराठीत, साध्या वाचकासाठी, सतत लिहिलं पाहिजे, आणि त्यांना ते लिहिता यावं अशी सोय विद्यापीठांनी, पेपरांनी आणि सरकारने केली पाहिजे. आज ती सोय नाही, आणि त्याची किंमत आपण सगळे मोजतोय.

पत्रकारांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तालुक्याचा वार्ताहर जे जाणतो ते पुण्या-मुंबईतल्या प्राध्यापकाला कळणार नाही. पण पत्रकाराला आजची बातमी आज द्यायची असते. कोण कोणाला भेटलं, कोणाचं तिकीट कापलं, कोण नाराज आहे, कोणाला कुठलं खातं मिळालं, हे त्याचं काम आहे आणि ते तो करतो. बिघडलंय ते असं की आपल्याकडे राजकारण म्हणजे एवढंच उरलंय. नाराजी नाट्य, पडद्यामागच्या हालचाली, कोणाचा गेम कोणी केला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीवर आपण किती बोललो! पण महाराष्ट्रातले पक्ष इतक्या सहज का मोडतात यावर किती बोललो?

हा प्रश्न खरंच खोल आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. दोन्ही वेळा चर्चा निष्ठा आणि गद्दारी या दोन शब्दांत फिरली, खोके आणि ईडी हे आणखी दोन. त्यात तथ्य नसेल असं मी म्हणत नाही. पण पक्षांतर बंदी कायदा १९८५ मध्ये आला, २००३ मध्ये त्यातली एक तृतीयांश आमदारांच्या फुटीची सूट काढून टाकली, म्हणजे कागदावर तरी कायदा आणखी कडक झाला, आणि तरीही वीस वर्षांनी दोन अख्खे पक्ष उभे चिरले गेले. शिवसेनेच्या फुटीवर सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, अपात्रतेचा प्रश्न विधानसभा अध्यक्षांकडे पाठवला, अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल दिला आणि कोणीच अपात्र झालं नाही. मग हा कायदा नक्की कोणाला अडवतो? अध्यक्ष हा सत्ताधारी पक्षाचाच माणूस असताना त्याच्याकडे न्यायाधीशाचं काम देणं बरोबर आहे का? आणि आमदार जातो तेव्हा कार्यकर्ते, कारखाना, बँक, शिक्षणसंस्था सगळं त्याच्याबरोबर जातं, पक्षाच्या हातात काहीच राहत नाही, हे असं कधीपासून झालं? मला वाटतं उत्तर इथेच आहे. आपल्याकडे मतदारसंघात पक्ष नसतोच, आमदाराचं स्वतःचं जाळं असतं, त्या जाळ्याला सरकारी निधी लागतो, सत्तेबाहेर पाच वर्षं काढली की ते सुकतं. मग तो माणूस सत्तेकडे जाणार, त्याला तुम्ही काहीही नाव द्या. हे एकदा लक्षात आलं की वैयक्तिक चारित्र्यावरची चर्चा मागे पडते आणि सहकारी संस्था, निधीवाटप, पक्षांतर्गत निवडणुका न होणं यावर बोलावं लागतं, आणि तिथे बदल मागता येतो. चारित्र्याच्या चर्चेत मागण्यासारखं काहीच नसतं.

असं लिहिणारे लोक आपल्याकडे होते आणि आहेत, ही परंपरा मुद्दाम सांगायला हवी कारण नव्या पिढीला ती माहीतच नाही. पुणे विद्यापीठात व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला, पुढे जिल्हा परिषदांमधून वर आलेल्या ग्रामीण नेतृत्वाचाही केला. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या, म्हणजे अगदी ताज्या गोष्टीवर अभ्यास होत होता. १९९५ मध्ये काँग्रेस ८० वर आली, सेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळून युतीचं सरकार आलं, ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यात काँग्रेसचेच बंडखोर भरपूर होते. या सत्तांतरावर राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकर यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. पळशीकर तर गेली कित्येक वर्षं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहितायत, इंग्रजी पेपरात लेख, मराठी दैनिकं आणि साप्ताहिकांत लेख, शिवाय दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेच्या लोकनीती गटात देशभरच्या निवडणूक सर्व्हेचं काम. त्यांची सगळी मतं पटतात असं नाही, पटायची गरजही नाही. मला त्यांच्या लिहिण्यात आवडतं ते हे की नेत्याच्या चालीवरून ते लगेच समाजाकडे वळतात: या पक्षाच्या मागे कोण उभं आहे, ते कधीपासून आहे, आता कोण सरकतंय, आणि हे फक्त इथेच घडतंय की बाकीच्या राज्यांतही.

लोकनीतीची पद्धत पण समजून घेण्यासारखी आहे. एक्झिट पोलवाले मतदान केंद्राबाहेर माणसाला गाठतात आणि घाईत विचारतात कोणाला दिलं. हे लोक मतदान झाल्यावर मतदारयादीतून निवडलेल्या माणसाच्या घरी जातात, निवांत बसून प्रश्न विचारतात, आणि मत कोणाला दिलं ते एका नकली मतपत्रिकेवर खूण करून पेटीत टाकायला सांगतात म्हणजे त्याला उघड बोलावं लागत नाही. त्यातून जात, शिक्षण, वय, उत्पन्न, स्त्री-पुरुष अशा फोडी मिळतात. जागा किती येतील हे सांगणं हा या उद्योगाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. पण चॅनेलला तेवढंच हवं असतं, आणि अंदाज चुकला की लोक म्हणतात यांना काही कळत नाही. भाकीत हे राज्यशास्त्राचं कामच नाही. झालं ते का झालं आणि कोणाच्या आयुष्यात त्याने काय बदललं, हे काम आहे.

आणि राज्यच का, दिल्ली का नाही? कारण आपलं रोजचं आयुष्य राज्याच्या हातात आहे. शाळा, पोलीस, जमीन, सातबारा, सरकारी दवाखाना, पाटबंधारे, वीज, नगरपालिकेचा कायदा, सगळं राज्याचं. निवडणुकांचे अभ्यासक योगेंद्र यादवांनी १९९० च्या दशकातल्या निवडणुकांवर लिहिताना हेच दाखवलं होतं की राज्य हाच खरा आखाडा झालाय, लोक लोकसभेला मत देतानासुद्धा राज्यातलं राजकारण डोक्यात ठेवून देतात. मधल्या काळात ते चित्र काही प्रमाणात उलटं फिरलं, पण २०२४ च्या दोन निकालांनी परत दाखवलं की सहा महिन्यांत तोच मतदार दोन वेगळ्या गणितांनी मतदान करतो. तरीही आपल्या वाचनात दिल्लीच जास्त. पंतप्रधान काय बोलले ते पाठ असतं आणि आपल्या जिल्ह्याचा नियोजन निधी कोण ठरवतं हे माहीत नसतं.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही डोळ्यांसमोर घडलेली आणि दोन्हींवर मराठीत पुरेसं लिहिलं गेलं नाही.

पहिलं, मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुण्याचीही तेव्हाच. ओबीसी आरक्षण, प्रभाग रचना, कोर्टातल्या तारखा असं करत करत मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या असं बजावलं आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका जवळपास चार वर्षं नगरसेवकांशिवाय, प्रशासक चालवत होता, आणि राज्यभर बहुतेक महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिकांचं तेच. विधानसभेची निवडणूक चार वर्षं झाली नसती तर केवढा गहजब झाला असता? इथे मात्र बातमी असायची ती पुढच्या तारखेची. जिल्हा परिषदेचा सदस्य नसतो तेव्हा शाळेच्या गळक्या वर्गाची तक्रार कुठे जाते, आमदाराचं वजन किती वाढतं, नवीन कार्यकर्ता वर यायची शिडीच काढून घेतली तर पुढच्या विधानसभेत घराण्यांशिवाय दुसरं कोण दिसणार, हे सगळं राज्यशास्त्राच्या माणसाने महिन्यामहिन्याला लिहायचं होतं. काहींनी लिहिलं, नाही असं नाही. पण ते चर्चेच्या मध्यावर कधीच आलं नाही.

दुसरं, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची विकास मंडळं. निधीचं वाटप सगळ्या भागांना न्यायाने व्हावं म्हणून संविधानाच्या कलम ३७१(२) खाली ती १९९४ मध्ये आली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. कोविडचा काळ होता, कोणाचं लक्ष नव्हतं हे मान्य. पण नंतर तरी? ती मंडळं कामाची होती की नाही यावर वाद होऊ शकतो, खरं तर व्हायलाच पाहिजे. विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचं १९५३ च्या नागपूर कराराचं वचन, विभागांतला असमतोल मोजणारी १९८० च्या दशकातली दांडेकर समिती, अनुशेषाचं, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या राहून गेलेल्या विकासाचं गणित, हे सगळं मागच्या पिढीच्या वाचकाला माहीत होतं कारण अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसारखे अभ्यासक लोकांत येऊन मराठीत बोलत होते. आज लातूरच्या किंवा यवतमाळच्या कॉलेजातल्या मुलाला विचारा, त्याला राग माहीत असतो, पण त्या रागामागचा हिशोब त्याच्या हातात कोणी दिलेला नसतो.

मराठा आरक्षणाचंही तसंच. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीला आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आंदोलन पेटलं, तेव्हा पुष्कळ लोक विचारत होते की इतके मुख्यमंत्री, इतके कारखानदार ज्या समाजाचे त्याला आरक्षण कशाला. राज्यशास्त्राचे अभ्यासक जयंत लेले यांनी १९८१ मध्येच, कॅनडात राहून, इंग्रजीत मांडलं होतं की सत्ता मराठा समाजातल्या वरच्या थराच्या हातात आहे आणि बाकीचा मोठा गरीब शेतकरी मराठा त्या वर्चस्वामागे जातीच्या आपलेपणाने उभा केला जातो. अंतरवालीत जमलेली गर्दी बरीचशी त्या बाकीच्या मराठ्यांची होती. चाळीस वर्षांपूर्वीचं हे विश्लेषण मराठी वाचकापर्यंत नीट पोचलं असतं तर ओबीसी विरुद्ध मराठा असं गावागावात उभं राहण्याऐवजी कारखान्याच्या, संस्थेच्या मालकांना प्रश्न विचारले गेले असते का? ठाम नाही सांगता येत. पण प्रश्न विचारायची भाषा तरी मिळाली असती. महाराष्ट्रावरचं कितीतरी चांगलं काम असंच इंग्रजीत पडून आहे, आणि ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांना त्याचा पत्ता नाही, हे मला फार लागतं.

यावर लोक म्हणतात प्राध्यापक एकतर्फी असतात. असतात काही. पण एकतर्फी तर सगळेच असतात, फरक एवढाच की अभ्यासकाने आपला पुरावा समोर ठेवलेला असतो, आकडे कुठून आले ते सांगितलेलं असतं, म्हणून त्याला खोडून काढता येतं. चॅनेलवर सूत्रांच्या हवाल्याने बोलणाऱ्याला खोडणार कसं? दुसरी तक्रार भाषेची, आणि ती खरी आहे. आपल्या राज्यशास्त्राची मराठी फार अवघड झालीय, अधिमान्यता, अभिजन, वर्गीय हितसंबंधांची अभिव्यक्ती, एका वाक्यात चार असे शब्द आले की एसटीत पेपर वाचणारा माणूस पान उलटतो. हे लिहिणाऱ्यांनीच सुधारायचंय. तिसरी गोष्ट फार कमी बोलली जाते, ती म्हणजे हे सगळं पुण्यातून दिसणारं महाराष्ट्राचं राजकारण आहे. नांदेड, अमरावती, जळगाव, गडचिरोली इथे राज्यशास्त्र शिकवणारे किती लोक आहेत, आपापल्या जिल्ह्याची नस ओळखणारे, पण त्यांचा लेख राज्यभर वाचला जातो असं क्वचितच होतं. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या मतदाराबद्दल तिथल्याच शिक्षकाने लिहिलेलं मला वाचायचंय.

मग ते लिहीत का नाहीत? एक कारण साधं पोटापाण्याचं आहे. प्रमोशनसाठी मोजले जातात जर्नलमधले पेपर, आणि वर्तमानपत्रातल्या लेखाला, तो कितीही मेहनतीचा असला तरी, जवळपास काहीच किंमत नाही. शिवाय महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या, कित्येक नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या पैशात, वर्षानुवर्षं शिकवतायत. ज्याला पुढच्या वर्षी तास मिळतील का याची खात्री नाही, आणि ज्याच्या संस्थेचा अध्यक्ष स्थानिक आमदार किंवा त्याचा भाऊ आहे, त्याने त्या आमदाराच्या राजकारणावर लिहावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

दुसरं कारण भीती. २०१२ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेच्या राज्यशास्त्राच्या शालेय पुस्तकातल्या आंबेडकरांवरच्या व्यंगचित्रावरून वाद झाला, पळशीकर आणि यादव यांनी त्या पुस्तकांचं सल्लागारपद सोडलं, आणि तरी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या ऑफिसची तोडफोड झाली. २०२३ मध्ये त्याच पुस्तकांतले भाग इतके कापले गेले की या दोघांना आमची नावं काढा असं लिहावं लागलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लोकनीतीचे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांच्या मतदारसंख्येचे चुकीचे आकडे सोशल मीडियावर टाकले. चूक लक्षात आल्यावर पोस्ट काढली, जाहीर माफी मागितली. आकडे चुकणं ही छोटी गोष्ट नव्हती, तेव्हा मतदारयादीवरून राज्यात आरोप-प्रत्यारोप चालू होते आणि अशा वेळी अभ्यासकाने दुप्पट तपासूनच बोललं पाहिजे. पण त्यासाठी नागपूर आणि नाशिकमध्ये गुन्हे दाखल झाले, शेवटी सुप्रीम कोर्टाला त्यावर स्थगिती द्यावी लागली. चुकीच्या आकड्याला उत्तर बरोबर आकडा. दुरुस्ती करून माफी मागणाऱ्यावर पोलीस केस होत असेल तर नांदेडचा सीएचबीवाला शिक्षक पेन उचलेल का?

मला वाटतं सुरुवात अशी होऊ शकते. विद्यापीठांनी मराठीतल्या अभ्यासपूर्ण लोकलेखनाला मार्क द्यावेत, त्याची तपासणी हवी तर दोन जाणकारांकडून करून घ्यावी. पेपरांनी निवडणुकीच्या दोन महिन्यांपुरतं बोलवायचं सोडून प्रत्येक विभागातल्या एका अभ्यासकाला वर्षभर जागा द्यावी, आणि लेखाचे पैसे वेळेवर द्यावेत. राज्य निवडणूक आयोगाने ग्रामपंचायतीपासूनचे निकाल, उमेदवारनिहाय मतांसकट, एका जागी आणि डाउनलोड करता येतील असे ठेवावेत, आज जिल्ह्याच्या जुन्या निकालासाठी माणसाला तहसील कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. आणि बीएला राज्यशास्त्र घेणारी ही जी एवढी मुलं आहेत, ज्यातली निम्मी एमपीएससीच्या आशेने कलमं पाठ करत बसलेली असतात, त्यांना तिसऱ्या वर्षाला आपल्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या तीन निवडणुकांचा अभ्यास करायला लावा. कोण उभं राहिलं, सरपंचपदाचं आरक्षण कसं फिरलं, बाई सरपंच झाली तेव्हा सही कोणाची चालली, पैसा कुठून आला, पाण्याच्या टाकीचं कंत्राट कोणाला गेलं. चाळीस गावांची अशी चाळीस टिपणं एका कॉलेजात जमली की त्या तालुक्याच्या राजकारणावर लिहायला दिल्लीहून कोणाला बोलवावं लागणार नाही.